त्यांले सांगा, फिट नाई

डॉक्टर मोहरील समोरून येताना दिसले की भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात आमची मराठी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात. कुणाचं त्यांच्याशी भांडण नव्हतं. उलट मानच होता. दुर्ग-भिलाईत मेंदू आणि मज्जातंतूंचा तो एकच डॉक्टर. भीती होती ती त्यांच्या डोळ्यांची. नमस्कार-चमत्कार चालू असताना ते आपल्या तोंडाकडे बघतच नसत. चालताना हात किती हलतो, पापणी किती वेळा लवते, चप्पल कुठल्या बाजूनं झिजली आहे, हे बघत. आणि बघता बघता मधेच गप्प झाले, की समोरचा घाईघाईनं निरोप घ्यायचा.

याची सुरुवात वैरागड्यांपासून झाली. वैरागडे भिलाईच्या स्टील प्लांटच्या अकाउंट्समध्ये, मूळचे वर्ध्याकडचे, मंडळाच्या गणपतीत आरतीला झांजा वाजवणारे. एका वर्षी आरती ऐन रंगात असताना डॉक्टर टाळ्या वाजवायच्या थांबले आणि वैरागड्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. प्रसादाच्या वेळी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सोमवारी येऊन जा जी दवाखान्यात. डावी झांज मागं राहून राहिली तुमची." वैरागडे हसले, वय झालं म्हणाले, आणि गेले नाहीत. दीड-दोन वर्षांत त्यांचा डावा हात कापायला लागला, मग पाय फरफटायला लागले, आणि अक्षर इतकं बारीक झालं की त्यांचं त्यांना वाचता येईना. तेव्हापासून लोकांनी ठरवूनच टाकलं की डॉक्टर आधी बघतात आणि मग ते होतं. त्यांच्यासमोर माणसं परेडला निघाल्यासारखी दोन्ही हात जोरजोरात हलवत चालू लागली. मी एकदा धीर करून हे त्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, "मी पाहतो, कुंदाबाई. आणत नाई." आणि पुन्हा आपली रबरी हातोडी पुसायला लागले.

मी त्यांच्याकडे ईईजीची मशीन चालवायला होते. वडील रेल्वेत गार्ड, दुर्गला क्वार्टर. नागपूरला सहा महिने ट्रेनिंग घेऊन परत आले होते आणि रोज बसनं सुपेल्याला ये-जा करायची. मुलाखतीत डॉक्टरांनी माझ्या ट्रेनिंगबद्दल अवाक्षर विचारलं नाही. तुमच्या घरी झोप कशी असते, एवढंच विचारलं. मी म्हटलं, गार्डाच्या घरी कुणीच सलग झोपत नाही, बाबांची ड्यूटी जशी लागेल तशी आमची तुकड्यातुकड्यानं होते. ते खूश झाले. "मंग तुमाले सांगायची गरज नाई," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. काय सांगायची गरज नाही, ते मला पुढे सहा वर्षं त्यांच्याकडे काम करून कळलं. मशीनबरोबर टायपिंग, फोन आणि पेशंटांची समजूत काढणं हेही माझ्याकडेच आलं.

ईईजी म्हणजे डोक्यावर पेस्टनं तारा चिकटवायच्या आणि आठ पेनं कागदावर काय काढतात ते बघत बसायचं. पेशंट त्याला डोक्याचा फोटो म्हणत. त्यासाठी डोकं धुऊन, तेल न लावता यावं लागे, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणून आमची माणसं नेमकं चापून-चोपून तेल लावून येत. तपासणीच्या आदल्या रात्री जागरण करून या, असंही सांगायचं असतं. डॉक्टर त्याऐवजी सरळ नाईट शिफ्ट संपवून या म्हणत. सकाळी सातला बाकावर लाल डोळ्यांची, अंगाला प्लांटची धूळ असलेली माणसं रांगेनं बसलेली असत आणि मशीन लावल्याबरोबर घोरायला लागत. "हे गाव झोपेच्या डॉक्टरासाठीच बांधलं आहे," असं डॉक्टर म्हणत. हे त्यांनी गमतीनं म्हटलेलं मला कधी वाटलं नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. तो पेशंटला नसे, बरोबर आलेल्याला असे. "शेजारी कोण झोपते?" बायका लाजून पदर तोंडाला लावत. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना तर अपमानच वाटला. पण डॉक्टर हटत नसत. माणसाची झोप त्याला स्वतःला दिसत नाही, शेजारच्याला दिसते, असं त्यांचं म्हणणं. एकट्या आलेल्या पेशंटला ते परत पाठवत, मग तो अहिवाऱ्याहून दोन बस बदलून आलेला का असेना. याबाबतीत ते अगदी निर्दय होते.

काळमेघ नावाचे एक फोरमन आले होते. मला झोपच लागत नाही, दिवसभर डोकं जड राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली, "झोपते जी ते. घोरते अन् मधीच श्वास थांबते. मी मोजतो. पंधरा झाले का हलवतो त्याईले." किती दिवसांपासून मोजता, असं विचारलं, तर म्हणाली, धाकटा झाला तेव्हापासून. धाकटा तेव्हा दहावीला होता. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणाच्या मानासाठी ते उठलेले मी त्या एकदाच पाहिले. या माणसाचं औषध इतकी वर्षं तुम्हीच होता, असं ते तिला म्हणाले.

त्या काळी या दुखण्यावर आमच्याकडे कुठली मशीन नव्हती. डॉक्टरांनी काळमेघांना वजन उतरवायला सांगितलं, आणि बाईंना सांगितलं की बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घाला, म्हणजे हे उताणे झोपणार नाहीत. तिनं शिवला. पुढे उन्हाळ्यात ती बहिणीच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस यवतमाळला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी काळमेघ अंथरुणात उताणे सापडले. चेंडूचा बनियन खुंटीला होता. शेजारीपाजारी म्हणाले, डॉक्टरनं पाहिलं होतं ना, मग झालं. डॉक्टर तेराव्याला गेले, बाईंसमोर बराच वेळ बसून परत आले. दुपारी ते नेहमी खिडकीपाशी उभ्यानं भाकरी खात आणि समोरच्या बसस्टॉपवर माणसं बसमध्ये कशी चढतात ते बघत. त्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली.

ठवकर आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. रामकृष्ण ठवकर, भंडाऱ्याकडचा, चौतीस-पस्तीस वर्षांचा, रसमड्याच्या एका लहानशा फाउंड्रीत क्रेन चालवणारा. वर केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. चहाच्या सुट्टीत हसता-बोलता तो एकदम खाली कोसळला होता. फाउंड्रीतल्या लोकांनी फिट आली म्हणून त्याला चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाशी धरला, दातांत चमचा घालायला गेले. मुनीमानं चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवला: फिटचा पेशंट आहे का, पाहावे.

बरोबर बायको होती, इंदूबाई. हिला मात्र शेजारी कोण झोपतं हे विचारावं लागलं नाही. तिनं आपणहून सगळं सांगितलं. जेवताना घास हातात धरून ह्यांचा डोळा लागतो, सायकलवर लागतो, आणि हसले की पडतात. ठवकर ओशाळून म्हणाला, "पडतो, पण मले सगळं ऐकू येते जी. चप्पल कोणाची होती तेबी मालूम आहे. फक्त हात-पाय उचलत नाई."

डॉक्टरांनी हातोडी उचलली. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. ते विनोद सांगायला लागले. इतका रद्दड विनोद, आणि तो असा हातोडी हातात धरून, चेहरा सुतकी ठेवून सांगितलेला, की हसणार कोण? ठवकर भक्तिभावानं ऐकत राहिला. पण मी पेस्टची बाटली उघडत होते, तिचं झाकण निसटून उडालं ते नेमकं डॉक्टरांच्या चहात पडलं, आणि ठवकर हसला. हसला आणि त्याची हनुवटी सैल झाली, मान पुढे पडली, गुडघे दुमडले. डॉक्टरांनी त्याला बगलेत धरून हळूच खाली बसवलं. त्याचे डोळे उघडे होते आणि तो आमच्याकडे बघत होता. मिनिटभरात उठून उभा राहिला आणि माफी मागायला लागला. मी अजून हसत होते. डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि थांबले.

मशीनवर फिटचं काही निघालं नाही. डोळा लागताच तो थेट स्वप्नात जात होता, एवढं पेनांनी दाखवलं. हे झोपेचं दुखणं आहे, मिरगी नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समजावलं. गोळ्या दिल्या. पडणं कमी होईल म्हणाले, पण क्रेनवर आता जन्मात चढायचं नाही. शब्द एकेक करून बोलले: "वर तुमी हसले, अन् खाली माणूस असला, तं काय होईन?" ठवकर म्हणाला, मालक खाली काम देईल का नाही कुणास ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलं की मी लिहून देतो, त्यांना द्यावंच लागेल. आज तुम्ही कामावर जा, पण कागद येईपर्यंत वर जाऊ नका. इंदूबाईनं तिथेच नवऱ्याकडून तसं कबूल करून घेतलं.

ते गेल्यावर दीड-दोन तासांनी फोन वाजला. मुनीम होता. ठवकर सेकंड शिफ्टला आला आहे, त्याच्या फिटचं काय निघालं, असं तो हिंदीत विचारत होता. डॉक्टर आत एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हातोडी मारत होते. मी दारातून विचारलं, रसमड्याचा फोन आहे, ठवकरचं काय सांगू? ते मान न वळवता म्हणाले, "त्यांले सांगा, फिट नाई. कागद उद्या पाठवतो."

मी फोनवर म्हटलं, "डॉक्टर साहब ने बोला है, फिट नहीं है. कागज कल आएगा."

"अच्छा, फिट नहीं है? चलो, बढिया," मुनीम म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हा 'बढिया' माझ्या कानाला खटकला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. फोन ठेवताना क्षणभर वाटलं, माणूस कामाला फिट नाही, म्हणजे लायक नाही, हे ऐकून कुणी बढिया कसं म्हणेल? पण बाकावर पाच पेशंट होते, एकाच्या डोक्यावर तारा अर्ध्याच लावून झाल्या होत्या, आणि मुनीम लोक कशालाही बढिया म्हणतात अशी मी माझी समजूत घातली. परत फोन करायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

मुनीमानं ठवकरला सांगितलं, डॉक्टरचा फोन झाला, तुला फिट-बिट काही नाही, वर जा. ठवकर म्हणाला, मला तर नाही म्हणाले होते. मुनीम म्हणाला, आत्ता बोलणं झालं ना, तुला जास्त कळतं का? ठवकर चढला. संध्याकाळी बादली रिकामी करून परत नेताना खालून हुकचा इशारा देणारा खलासी, धनीराम नावाचा अहिवाऱ्याकडचा माणूस, काहीतरी बोलला. काय बोलला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. ठवकर हसला. हात दांड्यावर तसाच पडून राहिला आणि रिकामी बादली चालतच राहिली. धनीराम तिच्यात आणि खांबात सापडला. वर केबिनमध्ये ठवकर उघड्या डोळ्यांनी ते सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलेला कागद घेऊन माणूस रसमड्याला गेला, तेव्हा गेटवर पोलीस होते.

ठवकरला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. मालकाचं म्हणणं, ड्यूटीवर पिऊन झोपला. डॉक्टर ठाण्यात जाऊन आले, ठवकरला भेटले, फोनवर काय बोलणं झालं ते मुनीमाच्या तोंडून ऐकून आले. परत आल्यावर त्यांनी मला मशीनवरून उठवून टाइपरायटरपाशी बसवलं आणि उभ्यानं इंग्रजीतून आपला जबाब सांगायला सुरुवात केली. ठवकरला अमुक दुखणं आहे, त्यात माणूस दारू न पिता पडतो, त्याचा काही दोष नाही. त्याला क्रेनवर पाठवू नये असं माझं मत होतं. परंतु फाउंड्रीचा फोन आला तो मी स्वतः घेतला, आणि दोन अर्थ निघतील असा शब्द मी वापरला.

'मी स्वतः' पाशी माझी बोटं थांबली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"सर, फोन तर..."

"शब्द माझा होता," ते म्हणाले. "दिवसभर मी त्या खोलीत फिट आली, फिट नाई आली, हेच बोलतो. तुमी फक्त पोचवला. पुढं टाइप करा."

तेव्हा मी 'बढिया' सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी नुसता शब्द पोचवला नव्हता, त्याचं काय झालं तेही मला ऐकू आलं होतं. मी पुढं टाइप केलं. तीन प्रती काढल्या, त्यांच्या सह्या घेतल्या, आणि सही झाल्यावर मला रडू आलं ते त्यांना भीतीचं वाटलं. त्यांनी मला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

जबाबामुळे ठवकर सुटला. डॉक्टर मात्र अडकले. खटला असा उभा राहिला नाही, पण गावानं निकाल देऊन टाकला. आधी ते बघायचे आणि मग व्हायचं. आता ते बोलले आणि माणूस मेला. सकाळची रांग अर्ध्यावर आली, मग दोन-तीन माणसांवर. डॉक्टरांनी तक्रार केली नाही. फोनवर निरोप देताना मात्र ते स्वतः येऊन उभे राहत आणि पलीकडच्या माणसाकडून सगळा निरोप परत म्हणवून घेत. लोक वैतागत. एकदा तर पलीकडून कुणीतरी विचारलं की डॉक्टरांना कमी ऐकू येतं का. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी दवाखाना बंद करून नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं फायली बांधत होतो. खाली टॅक्सी उभी होती. अकराच्या सुमारास इंदूबाई आली. ठवकर आता कुम्हारीला भावाच्या सायकलच्या दुकानात बसत होता. तिला पुढच्या गोळ्या कुठून घ्यायच्या ते विचारायचं होतं. डॉक्टरांनी रायपूरच्या एका डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. तिनं ती घडी करून कमरेला खोचली, पण ती उठेना. मग म्हणाली की घरी माणूस बोलत नाही, जेवत नाही. डोळे मिटले की धनीराम दिसतो म्हणतो. एकच विचारत राहतो, मला वर कावून पाठवलं? मी तं नाई म्हणत होतो.

"मंग मी गेलो होतो मुनीमाकडे," ती म्हणाली. हे सांगताना ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "थो म्हणते, फोनवर डॉक्टर नव्हतेच. बाईमाणसाचा आवाज होता म्हणते."

माझ्या हातात सुतळी होती. मी तिला गाठ मारत राहिले, एकीवर एक. आता बोलायचं, असं मनात म्हणत होते. ती बाई काही माझा जीव घ्यायला आली नव्हती. तिला फक्त घरी जाऊन नवऱ्याला सांगायला काहीतरी खरं हवं होतं.

"माझा आवाज फोनवर बारीक येते, इंदूबाई," डॉक्टर म्हणाले.

त्यांचा आवाज असा होता की आतल्या खोलीत बोलले तरी रस्त्यावरच्या पानठेल्यावर ऐकू जावं. तो त्यांनी जरासुद्धा लहान केला नाही. त्याच आवाजात, चष्मा पुसत, ते हे वाक्य बोलले.

इंदूबाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. डॉक्टरांनाही माहीत होतं की तिला कळलं आहे.

"असन जी," ती म्हणाली. त्यांच्या पाया पडली, माझ्याकडे न बघता चप्पल घातली आणि जिना उतरून गेली.

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटण्याची मला अजून चीड येते. मी म्हटलं, "सर, मी तिला..." डॉक्टरांनी हात वर केला. उरलेली फाइल त्यांनी स्वतः गठ्ठ्यावर ठेवली, माझ्या हातातली सुतळी घेतली, मी मारलेल्या गाठी एकेक करून सोडवल्या आणि गठ्ठा नीट बांधला. मग बॅग उचलून जिना उतरले. मी वरून खिडकीतून बघत होते. इंदूबाई बसस्टॉपवर उभी होती. टॅक्सीच्या दारापाशी ते थांबले, रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले आणि कुम्हारीची बस येईपर्यंत तिच्याशेजारी उन्हात उभे राहिले.